मोठ्या माणसांचा तिरळेपणा : ऑपरेशनशिवाय काय होऊ शकते?



वस्तीवरच्या आरोग्य बैठकीत मोतीबिंदू, रक्तक्षय, सिकलसेल यांबद्दल बोलून झाले आणि "आणखी काही विचारायचे आहे का?" असे म्हटले, की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "तिरपा डोळा ऑपरेशन न करता सरळ होते का जी?" विचारणारा बहुधा स्वतःसाठी विचारत नसतो. भावासाठी, सुनेसाठी, शेजारच्या पोरीसाठी विचारतो. ज्याचा डोळा तिरळा आहे तो माणूस बैठकीला आलेलाच नसतो.

मुलांच्या तिरळेपणाबद्दल शाळेत आणि अंगणवाडीत थोडेफार तरी बोलले जाते. मोठ्यांबद्दल कोणी बोलत नाही. "आता वय झाले, आता काय होणार" असे म्हटले की विषय संपतो. तो तसा संपू नये म्हणून हा अभ्यासलेख. मी डॉक्टर नाही. रुग्णाबरोबर सेवाग्रामला किंवा वर्ध्याला जाणे, बाहेरच्या बाकावर बसणे, आत बोलावले की शेजारी उभे राहणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले घरी गेल्यावर पुन्हा सोप्या शब्दांत सांगणे, हे माझे काम. त्यातून आणि वाचनातून जे पक्के समजले तेवढेच येथे लिहिते.

"ऑपरेशन की औषध?" हा प्रश्न खरे तर दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : डोळा केव्हापासून तिरळा आहे? लहानपणापासून, की गेल्या आठवड्यापासून? या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. दोघांचे डोळे पाहणाऱ्याला सारखेच दिसतील, पण एकाला घाई नाही आणि दुसऱ्याला उद्याची पहिली एस.टी. पकडायला हवी.

दोन बैल, एक बंडी

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात. डोळा वर, खाली, आत, बाहेर फिरवणे हे त्यांचे काम. मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा (डॉक्टर त्यांना तिसरी, चौथी आणि सहावी नस म्हणतात) या स्नायूंना हुकूम देतात. दोन डोळे म्हणजे बंडीला जुंपलेले दोन बैल. दोघांनी एका चालीने चालावे लागते, तरच बंडी चाकोरीतून जाते. एक बैल अडला किंवा भलतीकडे ओढू लागला की बंडी तिरकी होते.

लहानपणी डोळा तिरळा झाला तर मेंदू एक शहाणपणा करतो. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रे येतात म्हणून तो एक चित्र सोडून देतो. मुलाला दोन-दोन दिसत नाही, तक्रार नसते, म्हणून घरच्यांनाही घाई वाटत नाही. पण सोडून दिलेला डोळा हळूहळू पाहणेच विसरतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावता येते, आणि उपचार जितका लवकर तितका बरा. मोठेपणी तसा भरवसा देता येत नाही.

मोठ्या माणसाचा मेंदू मात्र हे शहाणपण नव्याने शिकत नाही. पन्नासाव्या वर्षी डोळा फिरला तर रस्त्यावर एकाच्या दोन मोटारसायकली येताना दिसतात, विहिरीचे दोन काठ दिसतात, घासाला भाकरी शोधताना हात चुकतो. चक्कर येते, ओकारी येते. माणूस एक डोळा मिटून किंवा मान एका बाजूला वळवून चालू लागतो. लोक हसतात. त्या वळवलेल्या मानेमागे शरीराने शोधलेली युक्ती असते, कारण त्या एका दिशेला पाहताना दोन चित्रे एक होतात.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी सर्वांनी शिकून ठेवावी. दोन-दोन दिसते म्हणणाऱ्याला आधी उजवा डोळा हाताने झाकायला सांगा, मग डावा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर एकच दिसू लागले, तर दोन डोळ्यांची चाल बिघडली आहे. एक डोळा झाकूनही उरलेल्या एकट्या डोळ्याला दोन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्याच्या आत आहे, उदाहरणार्थ मोतीबिंदू. दवाखान्यात गेल्यावर हे एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे काम अर्धे सोपे होते.

नवा तिरळेपणा

आर्वीकडच्या एका गोंड वस्तीवर पंचावन्नच्या आसपासचे एक भाऊ आहेत. दिवाळीनंतर, ऐन कापूस वेचणीत, सकाळी उठल्यावर त्यांना दोन-दोन दिसू लागले. डावा डोळा नाकाकडे वळला होता आणि बाहेरच्या बाजूला फिरत नव्हता. "वारं गेलं" असे सर्वांनी ठरवले. दोन आठवडे तेल चोळणे, धुरी देणे, डोळ्यात कसलासा रस घालणे चालले. आमच्या कार्यकर्तीने कळवले तेव्हा आम्ही त्यांना घेऊन गेलो. नेत्रविभागात डोळा तपासण्याआधी बोटातून रक्त घेतले गेले. साखर तीनशेच्या वर निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते.

मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडू शकते. मग नस लुळी पडते. ऐकायला हे भयंकर वाटते, पण या प्रकारात निसर्ग उदार आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवला तर बहुतेकांचा डोळा तीन महिन्यांत, काहींचा सहा महिन्यांपर्यंत, आपोआप जागेवर येतो. डॉक्टर तोवर ऑपरेशनचे नावही काढत नाहीत. म्हणजे "ऑपरेशनशिवाय होईल का?" या प्रश्नाचे सगळ्यांत आशादायक उत्तर या नव्या, घाबरवणाऱ्या तिरळेपणातच आहे. अट एकच, की कारण शोधून त्यावर उपचार झाला पाहिजे. त्या भाऊंचा डोळा होळीच्या सुमारास सरळ झाला. वेचणीचा हंगाम मात्र हातचा गेला. घरात दुसरी कमाई नव्हती, तेव्हा त्या तीन महिन्यांच्या धान्याची सोय मंडळीने केली. मला वाटते, तोही उपचाराचाच भाग होता, कारण धान्य नसते तर ते एका डोळ्याने फवारणीला गेले असते.

पण प्रत्येक नवा तिरळेपणा इतका सौम्य नसतो. म्हणूनच त्याला थांबायला सांगण्याचा अधिकार तपासणाऱ्या डॉक्टरचा आहे, आपला नाही. पापणी पडली आहे, डोळा बाहेर वळला आहे, त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते आणि डोके फुटेल असे दुखते, अशा वेळी मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला निघावे. ताप, उलट्या, डोकेदुखी आणि त्यातच डोळा वळणे हे मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाचे किंवा डोक्यातला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. डोक्याला मार लागल्यावर डोळा फिरला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, जीभ जड झाली, तरी थांबायचे नाही.

आपल्या भागासाठी आणखी दोन कारणे मुद्दाम सांगते. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावतो. त्याचा चावा पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, दोन-दोन दिसते, घोट गिळता येत नाही. घरचे म्हणतात, "झोप झाली नसेल." त्यानंतर श्वास थांबतो. रात्री चांगला झोपलेला माणूस सकाळी पडलेल्या पापण्यांनी आणि दुहेरी नजरेने उठला, तर चाव्याची खूण शोधत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. सर्पविषावरचे इंजेक्शन आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास, हाच त्याचा उपचार.

दुसरे कारण दारूचे. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा, पण मोहाची कुठे मिळते हे मला येथे सांगायला नको. वर्षानुवर्षे पिणारा आणि पोटभर न जेवणारा माणूस लटपटत चालतो, गोंधळल्यासारखे बोलतो आणि डोळे नीट फिरत नाहीत, तेव्हा "आज जास्त झाली" म्हणून त्याला ओसरीवर झोपवून ठेवतात. हा जीवनसत्त्व बी-१ च्या तीव्र कमतरतेचा आजार असू शकतो. ते जीवनसत्त्व शिरेतून दिले की डोळ्यांची हालचाल काही तासांत किंवा काही दिवसांत सुधारू लागते. उशीर झाला तर डोळे कदाचित सुधारतील, पण स्मरणशक्ती गेलेली परत येत नाही.

राहिली दोन कारणे, ती थोडक्यात. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी पडून दोन-दोन दिसते, असे असेल तर स्नायूंच्या थकव्याचा एक आजार असतो. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला की पापणी थोडी वर येते, हे त्याच्या तपासणीतले एक साधन. उपचार गोळ्यांचा. आणि थायरॉइडच्या काही रुग्णांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, स्नायू सुजून ताठ होतात. त्यांना थायरॉइडवरचे औषध लागते, सूज शांत होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि विडी-सिगारेट पूर्ण सोडावी लागते, कारण धुराने हा डोळ्यांचा आजार नक्की बळावतो.

प्रार्थना सभेत अशा माणसाला पुढे आणले जाते तेव्हा आपण जरूर प्रार्थना करावी. पण "आधी सात दिवस प्रार्थना करू, मग पाहू" असे कोणी म्हणाले तर त्याला हळूच बाजूला घेऊन वर लिहिलेली लक्षणे वाचून दाखवा. एस.टी.त बसूनही प्रार्थना करता येते.

वाट पाहण्याच्या काळात

तीन महिने थांबा म्हणणे सोपे आहे. त्या तीन महिन्यांत माणसाने चालायचे कसे, चूल पेटवायची कशी?

सर्वांत साधा उपाय पट्टीचा. एक डोळा झाकला की दुसरे चित्र जाते, चक्कर जाते. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लहान मुलाची पट्टी आळशी डोळ्याची नजर वाढवण्यासाठी असते, म्हणून ती चांगल्या डोळ्यावर लावतात. मोठ्यांची पट्टी फक्त दुहेरी दिसणे थांबवते. तिने डोळा सरळ होत नाही आणि नजरही वाढत नाही. त्यामुळे ती कोणत्या डोळ्यावर लावायची हे बहुधा सोयीवर असते. सदोदित काळी पट्टी लावून फिरायला लाज वाटत असेल तर चष्म्याच्या एका काचेला आतून धुरकट चिकटपट्टी लावली तरी चालते. लांबून कोणाला कळतही नाही.

मात्र एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. पट्टी असताना मोटारसायकल चालवू नये, कडबाकुट्टीजवळ जाऊ नये, झाडावर किंवा माळ्यावर चढू नये. ओतताना गरम पाण्याचे भांडे दुसऱ्या भांड्याला टेकवूनच ओतावे.

पट्टीहून चांगला उपाय म्हणजे प्रिझम. शाळेत विज्ञानाच्या तासाला लोलक पाहिल्याचे आठवत असेल, काचेचा तिकोनी तुकडा. लोलक प्रकाशाला वळवतो. डोळा जर चित्राकडे वळत नसेल, तर चित्रच डोळ्याकडे वळवायचे, ही प्रिझमच्या चष्म्यामागची कल्पना. दोन्ही डोळे उघडे राहतात आणि एकच दिसते. थोडा तिरळेपणा असेल तर चष्म्याच्या काचेतच प्रिझम घडवून घेता येतो. जास्त असेल तर काच फार जाड आणि जड होते. तेव्हा प्लॅस्टिकचा पातळ, बारीक रेषांचा तुकडा मिळतो, तो पाण्याने ओला करून साध्या चष्म्याला चिकटवतात. फ्रान्समधल्या फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपस्तंभांसाठी जाड भिंगाच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांचे हलके भिंग शोधून काढले, त्याच युक्तीवर हा तुकडा बनलेला आहे आणि त्याला नावही फ्रेनेल प्रिझम असेच आहे. महिन्याभराने डोळा थोडा सुधारला की तुकडा काढून कमी ताकदीचा लावता येतो. त्याने थोडे धूसर दिसते, रेषांत धूळ बसते. कापसाच्या वावरात ती जास्तच बसते, म्हणून रोज साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावा.

प्रिझम घालून लोकांना तुमचा डोळा सरळ दिसत नाही. तो तुम्हाला एक दिसावे म्हणून असतो. हे आधी समजावून सांगितले नाही तर माणूस आरशात पाहून निराश होतो आणि चष्मा फळीवर ठेवून देतो. आणि ज्याचा डोळा बाळपणापासून तिरळा आहे, ज्याला दोन-दोन दिसतच नाही, त्याला बहुधा प्रिझमचा उपयोग नसतो.

जुना तिरळेपणा

आता त्या मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो बहुतेक वेळा जुन्या तिरळेपणाचा असतो. येथे दुखणे डोळ्यात कमी आणि लोकांच्या जिभेत जास्त असते. एका कोलाम पोडावरची बाई मला म्हणाली, "ताई, माझं नाव काय हे अर्ध्या गावाले मालूमच नाही. चकणी म्हटलं की मीच." ती तिशीची आहे, बचत गटाचे हिशेब तोंडपाठ सांगते, पण बँकेत जायची वेळ आली की दुसरीला पुढे करते. साहेब समोर बसलेला असतो आणि त्याला कळत नाही ती कोणाकडे पाहते आहे, असे तिचे म्हणणे. "तिरळा डोळा भाग्याचा असतो" असेही कोणी कोणी सांगतात. ते भाग्य तिला अजून भेटलेले नाही.

अशा व्यक्तीसाठी ऑपरेशनशिवाय काय आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर थोडेच आहे, पण आहे.

आधी चष्मा. काही जणांचा डोळा अधिक नंबरामुळे आत वळलेला असतो. जवळचे, लांबचे सगळेच पाहण्यासाठी डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो आणि त्या जोराबरोबर डोळे नाकाकडे ओढले जातात. योग्य नंबराचा चष्मा लावला की जोर कमी होतो आणि डोळा पुष्कळ अंशी किंवा पूर्ण सरळ होतो. लहानपणी चष्मा मिळाला होता, तुटला, पुन्हा केला नाही, अशी माणसे वस्त्यांवर भेटतात. म्हणून बुबुळात थेंब घालून नंबर नीट तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग व्यायाम. याबद्दल बाजारात सर्वांत जास्त खोटे बोलले जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डोळ्यांच्या व्यायामाचा खरा उपयोग एका ठरावीक प्रकारात होतो. शिवणकाम, वाचन, हिशेब अशी जवळची कामे करताना ज्यांचे दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत, त्यांना अक्षरे पळाल्यासारखी वाटतात, डोके दुखते, कधी दोन ओळी दिसतात. अशांना पेन्सिल हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणायला सांगतात. दोन दिसू लागल्या की थांबायचे, एक करण्याचा प्रयत्न करायचा, पुन्हा मागे न्यायची. हा व्यायाम रोज, काही आठवडे करायचा असतो. पण एकट्या पेन्सिलवर फार भिस्त नको. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर याची १२ आठवड्यांची चाचणी झाली, तिचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित माणसासमोर बसून व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ७३ जणांना गुण आला, घरी नुसती पेन्सिल धरणाऱ्यांपैकी शेकडा ४३ जणांना, आणि ज्यांना व्यायामाचा केवळ देखावा करायला लावला होता त्यांच्यापैकीही शेकडा ३५ जणांना. शिवाय ही मुले होती. मोठ्यांबद्दल एवढा भक्कम पुरावा नाही. आणि बाळपणापासून कायम आत वळलेला डोळा पेन्सिलने सरळ होत नाही.

याला सुंदर अपवाद म्हणून सुझन बॅरी या अमेरिकन प्राध्यापिकेचे नाव घेतले जाते. बाळपणापासून त्यांचे डोळे तिरळे. ४८ व्या वर्षी त्यांनी नजरेचे व्यायाम सुरू केले आणि आयुष्यात प्रथमच त्यांना जगाची खोली दिसू लागली. पडणारा बर्फ एका पडद्यासारखा न दिसता आपल्या चहूबाजूंना पडतो आहे हे त्यांनी पाहिले. डॉक्टर-लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लिहिले, २००९ मध्ये त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले. मोठ्यांचा मेंदू आपल्याला वाटतो तितका ताठर नाही हे त्यातून कळते. पण त्यांची हकिकत सांगून वर्ग विकणारे एक गोष्ट गाळतात : त्यांचे डोळे लहानपणी तीन ऑपरेशने करून आधीच जवळपास सरळ केलेले होते. व्यायामाने दोन डोळ्यांना एकत्र पाहायला शिकवले. डोळा जागेवर आणण्याचे काम शस्त्रक्रियेने करून ठेवले होते.

तिसरा उपाय इंजेक्शनचा. बोटॉक्स म्हटले की सिनेमातल्या लोकांच्या सुरकुत्या आठवतात, पण हे औषध मुळात डोळ्यांसाठी आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट तिरळेपणावर ऑपरेशनला पर्याय शोधत होते. शिळ्या, सडलेल्या अन्नात तयार होणारे एक जहाल विष अगदी सूक्ष्म प्रमाणात स्नायूत टोचले तर तो स्नायू काही काळ सैल पडतो, हे त्यांनी वापरून दाखवले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने या औषधाला पहिली मंजुरी दिली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. जास्त ओढणाऱ्या स्नायूत इंजेक्शन द्यायचे, म्हणजे जोरकस बैलाला थोडा वेळ सैल सोडायचे. दोन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो, साधारण तीन महिने टिकतो. मोठ्या माणसाला थेंबांनी डोळा बधिर करून देता येते, भरती व्हावे लागत नाही. पापणी काही आठवडे पडणे, डोळा तात्पुरता दुसऱ्या बाजूला जाणे असे त्रास होऊ शकतात, पण ते ओसरतात. थोडा तिरळेपणा असेल किंवा नस नुकतीच लुळी पडली असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. जुन्या, मोठ्या तिरळेपणात परिणाम पुष्कळदा उतरतो आणि पुन्हा टोचावे लागते. वर्षातून तीनदा मजुरी बुडवून यायचे आणि महागडे औषध घ्यायचे, हे आपल्या लोकांना कितपत झेपेल याचा विचार आधी करावा, असे माझे मत.

जो डोळा मार लागून किंवा पिकलेल्या मोतीबिंदूमुळे पाहत नाही, तो कालांतराने बाहेर सरकतो. पऱ्हाटीच्या खुंटाने डोळा गेलेले लोक आपण पाहतो. तेथे आधी नजर येऊ शकते का हे पाहावे. मोतीबिंदू असेल तर तो काढणे हाच पहिला उपचार.

आणि हे सगळे सांगून झाल्यावर ऑपरेशनबद्दलही बोलायला हवे, कारण "ऑपरेशनशिवाय" या शब्दामागे पुष्कळदा एक ऐकीव भीती दडलेली असते. "डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात आणि मग बसवतात" हे मी किमान चार वस्त्यांवर ऐकले आहे. असे काही होत नाही. डोळा जागेवरच असतो, वरच्या पातळ आवरणाखाली स्नायू मागे-पुढे शिवतात. वयाची अट नाही. धोका शून्य नसतो, कधी दुसऱ्यांदा करावे लागते, पण डोळा जाण्याची भीती फारच विरळ. त्या कोलाम बाईला हे समजले तेव्हा ती गप्प राहिली आणि मग तिने एकच विचारले, "मंग शिवलेलं उसवत तं नाही?" आता तिची तारीख ठरायची आहे. ती हो म्हणेल की नाही, मला माहीत नाही. तो निर्णय तिचा.

जाण्याआधी

डोळ्यात मध, कांद्याचा रस, पाल्याचा रस घालू नये. बुबुळाला जखम होऊन तिरळ्याबरोबर आंधळेपणा यायचा. भोकाभोकांचे काळे चष्मे आणि "एकवीस दिवसांत डोळा सरळ" म्हणणारे थेंब घेऊ नयेत. तिरळेपणा सरळ करणारा असा कोणताही थेंब बाजारात नाही.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचे सामान्य रुग्णालय येथे डोळे तपासता येतात. प्रिझम किंवा इंजेक्शनची सोय त्या वेळी आहे का, हे बाह्यरुग्ण विभागात आधी विचारावे म्हणजे फेरी वाया जात नाही. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. बुबुळात थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून रुग्णाला एकटे पाठवू नये. मंडळीतल्या ज्यांना एक दिवस देणे शक्य आहे त्यांनी सोबत जाण्यासाठी नाव कळवावे. पैशाइतकीच या सोबतीची गरज आहे, आणि ती एकदा नाही, निदान दोनदा लागते, कारण प्रिझमचा नंबर पुन्हा तपासावा लागतो.

शेवटी एक साधी गोष्ट, जी डॉक्टर नेहमी मागतात आणि कोणी नेत नाही : जुने फोटो. लग्नातला, शाळेच्या दाखल्यावरचा, बारशाच्या गर्दीतला कुठलाही. चेहरा स्पष्ट दिसेल असे दोन-तीन फोटो वेगवेगळ्या वर्षांचे घ्या आणि मागे अंदाजाने साल लिहा. डोळा केव्हापासून तिरळा आहे हे रुग्णाला आठवत नसले तरी फोटोवरून कळते, आणि बऱ्याच वेळा मेंदूच्या महागड्या तपासणीची गरज आहे की नाही हे त्यावरून ठरते.